तिसरी खाच

आमच्या गल्लीत माणूस नुसता येत नाही, त्याला उतरवून घेतात. दोन बोचकी आणि कोरडा पडलेला घसा घेऊन तुम्ही बसच्या दारात उभे राहता, आणि खाली आपलं कोणीतरी वाट बघत असतं. ते तुमचं बोचकं उचलतं, खोली दाखवतं, पांघरूण देतं, गरम चहा देतं आणि तिसऱ्या दिवशी कामाला लावतं. ज्याने उतरवलं तो तुमचा मोठा भाऊ, जिने उतरवलं ती मोठी बहीण. मग त्यांना विचारल्याशिवाय दुसरीकडे कामाला जायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. पण गल्लीतल्या कुठल्याही कारखान्यात काम मागायला गेलात, तर मालक आधी हेच विचारतो, "तुला कोणी उतरवलं? त्यांना विचारून आलीस का?" मी आठ वर्षं याला माणुसकी म्हणत आले. मूर्ख कुठली!

मला उतरवायला तर सख्खी ताईच उभी होती. मला बघून भर रस्त्यात रडली. माझी बोचकी तिने भाऊजींना उचलू दिली नाहीत, स्वतः घेतली. भाऊजी म्हणजे तिचा नवरा. माणूस वाईट नाही, पण बायको 'हो' म्हणाली की हा 'हो हो' म्हणणार. इथली भाषा आम्हा तिघांत त्यालाच येते, म्हणून कंपन्यांशी बोलणं, ऑर्डर आणणं, माल पोचवणं त्याच्याकडे.

ताईचा कारखाना म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानावरचा मजला. नऊ मशीन, बारा बाया, एक खिडकी, तीही खिळे ठोकून बंद केलेली. कापायचं टेबल दोन जुने दरवाजे जोडून केलेलं. एका दरवाज्याच्या कुलपाचं भोक अजून तसंच आहे. आठ वर्षं मी त्या भोकाला वळसा घालून कापड अंथरलं. तिथे आम्ही हॉटेलांतल्या वाढप्यांचे कोट शिवतो. म्हणजे त्या शिवतात, कापते मी एकटी.

आमचे बाबा शिंपी. मोठं दुकान नाही, वाण्याच्या ओट्यावर एक मशीन आणि एक फळी. आम्हा दोघींना त्यांनी दोन बाजूंना बसवलं होतं, ताईला मशीनवर, मला फळीवर. ताईचा टाका एकदम सरळ, त्यात खोट काढणार नाही मी. पण कात्री हातात आली की हिचं काय व्हायचं कोण जाणे, उंदराने कुरतडल्यासारखा मुंढा कापायची. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. नवशिका तो खाली खोल कापतो, त्याला वाटतं जागा जास्त सोडली की हात मोकळा राहील. उलटं असतं. मुंढा वर उचलून कापला तरच हात वर केल्यावर कोट वर चढत नाही. हे बाबांनी तिला शंभरदा सांगितलं असेल. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाले, "तू शिव बाई. कापायचं धाकटीवर सोड."  ताई नुसती मशीन जरा जोरात चालवत राहिली.

आणि बाबांची खाच. बाहीला पुढे एक खाच, मागे दोन, अशी सगळेच शिंपी देतात, म्हणजे शिवणाऱ्याला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते कळतं. बाबा मागच्या दोन खाचांखाली तिसरी द्यायचे, बारीक, तिरकी. तिचा उपयोग काही नाही. "खाच नाही तो माल आपला नाही," एवढंच म्हणायचे. कापताना मी विसरले तर मशीनवरून ताईच ओरडायची, "बाबा, हिची खाच राहिली!" तेवढं एक तिला बरोबर दिसायचं. मी इकडे यायला निघाले तेव्हा बाबांनी त्यांची कात्री मला दिली. ताईला नाही, मला.

इथे आल्यावर मी त्या कात्रीने किती कोट कापले असतील, देव जाणे. नवरा माझा दुसऱ्या वर्षीच लांबच्या गावी कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती गोष्ट सांगायची तर मला शिव्या द्याव्या लागतील, म्हणून सोडते. तेव्हाही ताईच उभी राहिली. तिच्या वरच्या खोलीत मला ठेवलं, तीन महिने स्वतःच्या ताटातलं वाढलं. एकदा मी तापाने फणफणले होते आणि कोटांची ऑर्डर अडली होती. ताईने कापायच्या नमुन्याचे पुठ्ठे, कापड, फळी सगळं माझ्या अंथरुणावर आणलं. मी उशीला टेकून कापलं, ती कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. मला वाटलं, किती ही माया! माया होतीही. तीच तर पंचाईत आहे, नाहीतर सरळ भांडून मोकळी झाले असते.

गल्लीत आमचं सगळं आहे. डॉक्टर आपला, किराणावाला आपला, न्हावी आपला, दात उपटणारासुद्धा आपला. गल्लीबाहेर पाऊल टाकायची वेळच येत नाही. आठ वर्षांत मला इथल्या भाषेतले सहा शब्द आले. त्यातला एक 'माफ करा', आणि तो मी हमखास चुकीच्या जागी वापरते.

मध्ये एकदा मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात विचारायला गेले होते. तिथला मालक कापणाऱ्याला वेगळी खोली देतो असं ऐकलं होतं. त्याने पाणी दिलं, घरचं विचारलं आणि म्हणाला, "तुम्ही याल तर सोनंच. पण आधी ताईंना विचारून या." मी घरी पोचायच्या आत ताईला बातमी पोचलेली. ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिचे पाय धरले. लाज वाटली मला स्वतःची.

आमच्याकडे एक इस्त्रीवाली आहे. तोंडाची फटकळ, वयाने माझ्याएवढीच. ती आधी पाच वर्षं बाहेर, इथल्याच लोकांच्या धोबीखान्यात होती, म्हणून तिला भाषा चांगली येते. तिला कोणी उतरवून घेतलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "मला कोण उतरवतंय? बस थांबली, मी उतरले." एक दिवस तिने तयार कोट दांडीवर लावता लावता मला हळूच सांगितलं, "अगं, हे कोट ज्या कंपनीला जातात ना, तिला कापणारी पाहिजे. नमुन्याच्या खोलीत. दारावर कागद लावलाय. मोठं टेबल, आजारी पडलीस तर रजा आणि वर मास्तर म्हणतील तुला."

"मला कोण घेणार? भाषा कुठे येते?"

"कापडाशी काय तू इंग्लंडच्या राणीसारखं बोलतेस? कात्री चालव. बोलायला मी येते."

तीन आठवडे तिने मला तीन वाक्यं घोकवली. मी कापते. हे मी कापलं. मला काम हवंय. इस्त्रीच्या वाफेत उभी राहून मी पुटपुटायचे आणि बाकीच्या बायांना वाटायचं, हिला देवाचं वेड लागलंय. ताईला मी काही सांगितलं नाही. काम मिळालं की पेढ्यांचा पुडा घेऊन सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. विचारून जायचं नाही, सांगून जायचं. एवढंच हवं होतं मला. एक्केचाळीस वर्षांची झाले, एकदा तरी कोणीतरी माझ्या हाताकडे बघून मला बोलवावं, एवढंच.

कंपनीतली नमुन्याची खोली बघून माझे डोळेच दिपले. टेबल कमरेपर्यंत उंच, गुळगुळीत, एक भोक नाही. तिथली मुख्य एक चष्मेवाली बाई, मोजकं बोलणारी. तिने कापड दिलं, मापं दिली आणि हाताने दाखवलं, बाही आणि मुंढा काप. मी बाबांची कात्री काढली. खडू फिरवला, उभा धागा बघितला, मुंढा वर उचलून घेतला. चष्मेवाली आधी लांब उभी होती, मग जवळ आली, मग अगदी कोपराशी येऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, बाबा, बघताय ना! पुढे एक खाच दिली, मागे दोन, आणि हात गेलाच, तिसरी तिरकी.

तिचा चेहरा बदलला. ती आत गेली आणि एक जाडजूड फाईल घेऊन आली. फाईलमध्ये पुठ्ठे होते, आमच्याच कोटांचे. माल जातो तेव्हा नमुन्याचे पुठ्ठेही कंपनीत जमा करावे लागतात. एकेका पुठ्ठ्यावर माझ्या तीन खाचा. आणि खाली कोपऱ्यात, प्रत्येक पुठ्ठ्यावर, ताईची सही.

चष्मेवाली बोलत होती आणि इस्त्रीवालीचं तोंड उतरत चाललं होतं.

"काय म्हणते? सांग ना!"

"म्हणते, ही खाच त्या बाईंची आहे. सहा वर्षं बघतेय, त्यांच्याशिवाय कोणी देत नाही. म्हणते, तू त्यांच्याकडे कामाला असशील, बघून बघून उचललीस. हात छान आहे म्हणते. पण दुसऱ्याची खूण स्वतःची म्हणून मिरवणं म्हणजे चोरी, असं म्हणते."

माझ्या कानशिलात कोणी ओढली असती तरी एवढं लागलं नसतं. माझ्या बापाची खाच, आणि चोर मी! घोकलेली तिन्ही वाक्यं कुठल्या कुठे गेली. तोंडातून काय निघालं सांगू? "माफ करा." सहा शब्दांतला नेमका तोच.

चष्मेवाली जरा नरमली. मग तिने आणखी एक सांगितलं, अगदी सहज, आणि इस्त्रीवालीने मान खाली घालून ते मला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी भाऊजींकडे निरोप दिला होता, की ज्या हाताने हे कापलंय त्या बाईला आमच्याकडे पाठवा, नमुन्याच्या खोलीत घेतो. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आली. म्हणाली, मीच कापते, पण माझ्या बारा बाया सोडून मी येऊ शकत नाही. कंपनीला ते इतकं आवडलं की त्यांनी तिची ऑर्डर दुप्पट केली. ती ऑर्डर मला चांगली आठवते. तापात अंथरुणावर कापली होती, तीच.

"आता काय पाहिजे हिला?" मी विचारलं.

"म्हणते, ताईंकडून चिठ्ठी आण. तू कोण, काय शिकलीस आणि त्यांची हरकत नाही, असं लिहून. मग बघते."

कारखान्यात परत आले तेव्हा ताई मशीनला तेल घालत होती. बाया जेवायला खाली गेल्या होत्या. मी सरळ विचारलं, "पुठ्ठ्यांवर सही कोणाची असते?"

तिने तेलाची कुपी खाली ठेवली. नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "कंपनीत गेली होतीस होय. मला न विचारता."

"तू मला विचारलं होतंस का?"

"काय विचारायचं? जातेस का म्हणून? आणि गेली असतीस तर? या बारा जणींनी काय दगड खाल्ले असते? तुझं नाव सांगितलं असतं, तर त्याच दिवशी उचलून नेलं असतं तुला. मी काय करायचं, बाबांसारखं ओट्यावर बसायचं?" तिचा आवाज चढला. "आणि खाच काय तुझ्या एकटीची आहे? माझा बाप नव्हता तो? कापायचं धाकटीवर सोड म्हणे! तुला उतरवलं कोणी? तुझा नवरा पळाला तेव्हा तुला वाढलं कोणी?"

"तू," मी म्हटलं. "म्हणून तर विचारतेय. दुसरी कोणी असती तर झिंज्या उपटल्या असत्या."

ती रडायला लागली. मग मीही. आम्हा बहिणींचं हे असंच आहे, भांडण रंगात आलं की दोघींना रडू फुटतं आणि मुद्दा वाहून जातो. शेवटी मी म्हटलं, "झालं ते झालं. मला फक्त चिठ्ठी दे. खरं ते लिही." ताईने डोळे पुसले, भाऊजींना हाक मारली. भाऊजींनी इथल्या भाषेत लिहिलं, ताईने सही केली, पाकीट चिकटवलं आणि मला जवळ घेतलं. म्हणाली, "जा बाई. तुझं चांगलं झालेलं मला नकोय का?" मी विरघळले. आठ वर्षं फसले ती कमी पडली होती म्हणून नवव्यांदा विरघळले.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर इस्त्रीवालीने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "फोडू?"

"कशाला? सख्ख्या बहिणीवर एवढाही विश्वास नको?"

"तू विश्वास ठेव, मी वाचते," असं म्हणून तिने ते फोडलंच. वाचता वाचता तिने कपाळावर हात मारला. चिठ्ठीत लिहिलं होतं, ही माझी धाकटी बहीण. मी तिला गावाहून आणली, आसरा दिला आणि कापायला शिकवलं. अजून हाताखाली काम करते, पण प्रामाणिक आहे. तिने माझी खूण वापरली, तिला समज कमी आहे, मी तिला क्षमा केली आहे. तिच्यावर राग धरू नये.

क्षमा! मला! मी त्या बसथांब्यावर इतकी हसले की शेजारचा म्हातारा उठून पलीकडे जाऊन बसला. मग इस्त्रीवालीला म्हटलं, "चल. आज मी विचारायला चाललेली नाही, सांगायला चालले आहे." चिठ्ठी मी चष्मेवालीपुढे टाकली आणि इस्त्रीवालीच्या तोंडून सांगितलं, की हे खोटं आहे. ताईला इथे बोलवा. दोघींसमोर कापड ठेवा, दोघींच्या हातात कात्री द्या. कोणाची खाच ते कापडच सांगेल. चष्मेवालीने गुरुवारची वेळ दिली.

गुरुवारी ताई आली. नवं लुगडं नेसून, भाऊजींना मागे घेऊन, आणि उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पांढरंशुभ्र बँडेज. हात झोळीत, गळ्यात अडकवलेला. जिन्यावरून घसरले म्हणे. सकाळी मी तिला त्याच हाताने कुलूप लावताना पाहिलं होतं. चष्मेवालीने धावत जाऊन तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्यासाठी त्या खोलीत अजून कोणी खुर्ची काढली नव्हती.

ताई मोठ्या मनाने म्हणाली, आणि भाऊजींनी ते इथल्या भाषेत सांगितलं, "माझा हात नाही तर काय झालं? धाकटी कापेल. मी सांगते तसं कापेल. शिकवलेलं वाया जात नाही."

अशी ती खुर्चीत बसली आणि मी टेबलाशी उभी. डाव्या हाताचं बोट नाचवत ती सांगायला लागली. उभा धागा इकडे. खडू इथून. एवढं तिला येतं, लहानपणापासून बघत आलीय. मग मुंढा आला. ताई पुढे वाकली, कापडावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "इथून घे. जरा खोल घे, म्हणजे हात मोकळा राहील."

बापरे! इतक्या वर्षांनंतरही तीच चूक! माझ्या अंगातून वीजच गेली. आता मी फक्त तिचं ऐकायचं होतं. ती सांगते तिथून, ती सांगते तेवढं खोल. बाही जोडली की कोट कानापर्यंत चढेल आणि सगळ्या जगाला कळेल, या बाईला मुंढा म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही. मी मनाशी पक्कं केलं. कात्री लावली. तिच्या बोटाकडे बघत कात्री चालवली आणि खाली बघते तर काय, कात्री वरून गेली होती. बरोबर जायला हवी तिथून. मी दात ओठ खाऊन दुसरी बाजू घेतली. तीही बरोबर. माझाच हात फितूर झाला. तीस वर्षं ज्याला चुकायचं नाही म्हणून शिकवलं, तो ऐन वेळेला चुकायला तयार होईना. मला रडू आलं, सांगते, तिथेच.

"शाब्बास," ताई म्हणाली. भाऊजींनी तेही सांगितलं.

मग मी पुढे एक खाच दिली. मागे दोन दिल्या. आणि कात्री खाली ठेवली. म्हटलं, तिसरी नाही. घ्या तुमचा माल, माझा नाही तो.

 चष्मेवालीने बाही उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात ताई खुर्चीतून उठली. "अगं, खाच राहिली!" लहानपणीच्याच आवाजात ओरडली आणि झोळीतून उजवा हात बाहेर काढून, बँडेज बांधलेल्या बोटांत कात्री धरून, तिने खचकन तिसरी खाच दिली. तिरकी, बारीक, अगदी बाबांसारखी. तेवढं एक तिला येतंच.

तिचं तिलाच कळलं तेव्हा तिचा हात हवेतच राहिला. रिकामी झोळी गळ्यात लोंबत होती. भाऊजी छताकडे बघायला लागले. इस्त्रीवाली तोंडात पदर कोंबून उभी. मी चष्मेवालीकडे बघितलं. तिने सगळं बघितलं होतं. हात बघितला, बँडेज बघितलं, झोळी बघितली. मग तिने सावकाश चष्मा काढला आणि झग्याच्या टोकाने पुसत बसली. एक काच पुसली, मग दुसरी. मग परत पहिली.

मला राहवलं नाही. घोकलेलं आठवलं. पुढे होऊन बाहीवर हात ठेवला आणि तिच्या भाषेत म्हणाले, "हे मी कापलं."

तिने चष्मा घातला आणि दोनच शब्द बोलली. ते समजायला मला इस्त्रीवाली लागली नाही.

"माहीत आहे."

मग ती इस्त्रीवालीकडे वळून बोलत राहिली, आणि इस्त्रीवाली एक एक करून मला सांगत गेली. म्हणते, पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, खोटा हात इतका भरभर चालत नाही. म्हणते, पण ऑर्डर तुझ्या ताईच्या नावावर आहे. त्या वेळेवर देतात, स्वस्त देतात, कटकट करत नाहीत. तू इथे आलीस तर तिथे कापणार कोण? मग तो माल इतका चांगला, इतका स्वस्त कुठून मिळणार? म्हणते, मास्तर म्हणून नाही घेता येणार. मदतनीस म्हणून येऊ शकतेस आठवड्यातून दोन दिवस, बाकीचे दिवस ताईकडे.

"आणखी काय म्हणते?"

इस्त्रीवालीने पदराने तोंड पुसलं. इतकी फटकळ बाई, पण तिलाही ते बोलवेना. "म्हणते, तेसुद्धा ताईला विचारून ये."

मला वाटत होतं गल्ली कोपऱ्यावरच्या न्हाव्यापाशी संपते.

ताई माझ्याकडे बघत होती. रडवेली, पण वाट बघत. गळ्यात रिकामी झोळी आणि बँडेजच्या हातात बाबांची कात्री. "विचार ना, धाकटे," ती हळूच म्हणाली. "मी कधी तुला नाही म्हटलंय?"

मी विचारलं नाही. पुढे झाले आणि कात्रीला हात घातला. ती सोडेना. दुखऱ्या हाताच्या मानाने पकड चांगलीच होती. शेवटी दोन्ही हातांनी ओढून घेतली, पिशवीत टाकली आणि इस्त्रीवालीला म्हटलं, "चल गं." मागून ताई हाका मारत राहिली. मी जिना उतरले.